शिल्लक हवा

पॉन्टिप्रीडच्या दवाखान्यात, मागच्या खोलीत,
मी लोकांना फुंकायला लावते. पगार त्याचाच.
नाकाला चिमटा, ओठांत पुठ्ठ्याची नळी,
आणि मग मी ओरडते:
भरून घ्या, अजून, अजून… सोडा!

आज एम्रिस प्रॉसर. वय एक्याऐंशी.
पंचवीस वर्षं खाणीत,
त्याहून जास्त बँडमध्ये, युफोनियमवर.
वाजवायला दम लागायचा,
आता न वाजवताच लागतो.
इंग्रजीत त्यांनी दोन वेगळे शब्द वापरले,
मला मनात एकच पुरला.

भिंतीवरचा तक्ता बघून म्हणाले, डावं लहान का?
उजव्याला तीन खंड, सांगितलं, डाव्याला दोनच.
हृदय तिकडे कललेलं असतं,
त्याच्यासाठी कडेला खाच सोडलीय.
"आम्ही चौघं भाऊ एका पलंगावर," ते हसले,
"ग्विनव्होर झोपेत लाथा मारायचा."

मग मी सांगतच सुटले.
श्वासनळी खाली उतरून दुभंगते,
उजवा फाटा जास्त सरळ,
म्हणून ठसका लागून गेलेला शेंगदाणा
बहुतेकदा उजवीकडेच सापडतो.
फाट्याला फाटे, वीस-बावीस वेळा,
आणि शेवटी वायुकोश,
साबणाच्या फेसासारखे,
हवा आणि रक्त यांच्यात नावापुरती भिंत.

"म्हणजे खाणच," ते म्हणाले.
"मोठा बोगदा, मग लहान, मग त्याहून लहान,
टोकाला माणूस गुडघ्यांवर."

क्ष-किरणांचं चित्र लावलं.
वरच्या खंडांत ठिपके, पांढरे.
"कोळसा काळा असतो, बाई."
इथं उलटं दिसतं, म्हटलं.
"रोज अंग घासलं," ते म्हणाले,
"आणि पांढरं झालं ते आत."

तिसऱ्या खेपेला जमलं.
गाल फुगवू नका, हे त्यांना सांगावं लागलं नाही.
रेघ वर चढली आणि फार लवकर वाकली.
मीही तोवर श्वास रोखून उभी.

"संपली सगळी?"
नाही. कितीही फुंकलं तरी
लिटरभर आत राहतेच, कुणालाच सोडता येत नाही.
आणि माझ्या या यंत्राला
ती मोजताही येत नाही.

त्यांनी रुमालानं ओठ पुसले,
एका कोपऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत,
वाजवून झाल्यावर पुसतात तसे.

बाहेर तीन पायऱ्या आहेत.
दुसरीवर ते थांबले, कठड्याला धरून.
दमानं घ्या,
मी मराठीतच म्हणून गेले.
त्यांनी मान डोलावली
आणि घेतलं.