किती लागतील, कळवा

मेल आली, तीन ओळींची.
आपण वापरता तो भाग आम्ही बंद करीत आहोत.
शेवटची ऑर्डर एकतीस मार्चपर्यंत.
उरलेल्या आयुष्यासाठी किती नग लागतील, कळवा.

मकरपुऱ्यातली शेड, दुपारचे साडेतीन.
चहावर साय धरलेली.

भाग केवढा?
माझ्या अंगठ्याच्या नखावर चार मावतील.
काळा, सोळा पायांचा,
कोपऱ्यात एक ठिपका: इथून मोजायला लागा.
यंत्रहाताच्या सांध्यात बसतो
आणि त्याला सांगत राहतो, तू आत्ता कुठे आहेस.
तो नसला तरी हात असतो, जोर असतो,
फक्त थांबायचं कुठे ते कळत नाही.

मागच्या टंचाईत एकोणचाळीस हात
भिंतीशी उभे होते, कोपराशी उघडे,
वर पिवळं प्लास्टिक.
बावन्न आठवडे, असं उत्तर यायचं.
मग साठ.
मग नुसतं, कळवू.
शेठ काचेआडून म्हणायचे, शिर्केबेन,
सव्वाशे रुपयांच्या किड्यापायी माझे दोन कोटी अडकलेत.

तेव्हा रावपुऱ्यात एका तळघरात
इद्रीसभाईंनी रीळ काढून दिलं.
सील बरोबर, तारीख बरोबर, भाव सहापट.
एक नग घेऊन आले,
कापसाच्या बोळ्यावर ॲसिटोन घेतलं,
त्याची पाठ पुसली.
कापूस काळा झाला.
अक्षरं गेली आणि खालून दुसरंच नाव आलं,
कुठल्याशा जुन्या टीव्हीतून उपटलेल्याचं.
इद्रीसभाई फोनवर बराच वेळ गप्प.
मग म्हणाले, बेन, मलाही असाच आला.
खरं असेल. रीळ घेतलं परत, पैसे मात्र हप्त्याने.
शेठ आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत.
दांडिया बाजारात उतरून मी सेव-उसळ खाल्ली,
तरी दोनदा मागून.

आता मांडते हिशेब.
महिन्याला अडतीस हात, प्रत्येकी सहा सांधे,
गुणिले बारा, गुणिले दहा.
सत्तावीस हजार तीनशे साठ.
शिवाय सोल्डर करताना जळणारे
(शेकडा दोन; सुनंदाच्या हातून एकही नाही),
दुरुस्तीला परत येणारे,
आणि खानविलकर ज्यांना 'उंदराचे' म्हणतो ते,
कुठल्याच कागदावर न सापडणारे.

डिझाइनमधली ऋत्विजा म्हणते, एवढे कशाला?
दोन वर्षांत नवं बोर्ड देते की.
चोवीस वर्षांची आहे,
तिची दोन वर्षं दोन वर्षांचीच असतात.
खानविलकर म्हणतो, घ्या, पण हवा सांभाळा.
पाकिटातलं निळं कार्ड गुलाबी झालं
की समजायचं, आत श्वास शिरला.
तो सप्टेंबरात निवृत्त होतोय.
कार्डं कोण बघणार, ते दोघंही बोललो नाही.

दहा वर्षं.
मी एकसष्टची.
शेठचा मुलगा कॅनडात, ही शेड कुणाची?

दादा गेले तेव्हा त्यांच्या कपाटात
बीपीच्या गोळ्यांच्या नऊ पट्ट्या निघाल्या.
एकदम घेतल्या की स्वस्त पडतात, म्हणायचे.
मुदत कधीच उलटलीय.
मी त्या अजून टाकलेल्या नाहीत,
स्टोअरची बाई असून.

एका रिळात अडीच हजार.
अकरात भागतं.
मी बारा लिहिते.
कारणाच्या रकान्यात लिहिते: उंदीर,
मग खोडून: प्रक्रियेतील घट.

पलीकडे टेस्टिंगच्या पोराने
माझाच कप उचलून नेलाय, सायीसकट,
आणि ठेवलाय हाताखाली.
हात वरून येतो, झपाट्याने,
कपाच्या काठापर्यंत,
आणि थांबतो.
साय हलत नाही.