आउनेची खुर्ची

ओउलूत रात्र, बर्फ. हॉबार्टला तिची सकाळ,
केस ओले, हातात टोस्ट.
तिच्या खुर्चीवर लॅपटॉप,
खाली पाककृतींची दोन जाड पुस्तकं,
तरी तिला नकाशा दिसत नाही;
दिसते टेबलाची कड
आणि खाली आमचे पाय.

तिचा फासा मी टाकते.
वाईट पडला की शिव्या मला.

आज राक्षस पुढ्यात, आणि चित्र गोठलं,
तिचं तोंड अर्धं उघडं.
आम्ही थांबलो. राक्षसही थांबला.
कॉफी निवली.

मग तुटका आवाज: "...टाक ना!"
टाकला. घरंगळत गेला टेबलाखाली.
इल्मारी वाकणार, तोच ती म्हणाली,
"राहू दे, मला दिसतोय. सतरा.
आणि वेइक्को, तुझा मोजा फाटलाय."

फासा बघायला कुणी वाकलं नाही.
मोजा मात्र सगळ्यांनी पाहिला.