तोंडचं पाणी

उमेओत जानेवारीत नऊला उजाडतं.
त्याआधीच सिगब्रिटच्या बर्फाच्या डब्यात
सात नळ्या, सात जणांची लाळ.
थुंका म्हटलं की माणसं लाजतात.
कागदगिरणीतला म्हातारा तुरे तर भिंतीकडे वळला.

दाताच्या खनिजाचे बारीक मणी
ती लाळेत भिजवते. बघता बघता
पापुद्रा धरतो, साईहून विरळ.
मग जंतू सोडते.

वाहत्या लाळेतलं प्रथिन
जंतूंची मोट बांधून पोटात ढकलतं.
तेच दातावर बसलं
की त्याचं अंग उलगडतं,
आत मुडपलेली बाजू उघडी पडते,
आणि त्याच जंतूंना म्हणतं, टेका.
फिरता असला तर राखणदार,
बूड टेकलं की यजमान.
वहीत मात्र नुसते आकडे.

सातव्या नळीत जेमतेम दोन थेंब.
रक्तदाबाच्या गोळ्यांपासून तोंड कोरडं, तुरे सांगत होता.
तोंडचं पाणी पळालं, माझ्या मनात आलं;
आमच्यात हे घाबरलेल्याला म्हणतात.
तो घाबरला नव्हता.
रात्री उशाशी पेला ठेवतो, एवढंच.

सिगब्रिट नळी कलती धरते,
थेंब तळाशी उतरायची
वाट बघत.