बाकी सगळे, प्रत्येकी

टोलेडोत, पोलिश चर्चच्या तळघरात
महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी भरतो हा बाजार.
कॉफी पातळ. टेबलं घडीची.
नॉर्बर्टच्या टेबलावर काचेखाली नामांकित मंडळी,
टेबलाखाली बुटांच्या खोक्यांत
ज्यांना तो म्हणतो, कॉमन.

मी खाली फरशीवरच बसते. गुडघे कुरकुरतात.
एकतीस वर्षं काचकारखान्यात
उजेडासमोर धरून पाहिली काच :
बुडबुडा, रेघ, केसाएवढा तडा.
चांगली काच पाहिल्याचं काही आठवत नाही,
पगार खोट शोधण्याचाच होता.

तर हा एल्मर ग्रॅझिक.
राखीव कॅचर, सन एकोणीसशे एकसष्ट.
चारांतले तीन कोपरे झिजलेले,
फोटो डावीकडे सरकलेला,
पाठीवर च्युइंगगमचा गुलाबी डाग
आणि डागाखाली सगळी कारकीर्द :
सामने एकोणीस, फटके सात, होमरन शून्य.
एवढ्यानं जागा भरेना, म्हणून पुढे छापलंय,
हिवाळ्यात एल्मर वडलांच्या दुकानात खिळे विकतो.

पुढच्या बाजूला कुणा पोरानं
क्लीव्हलंडवर पेन्सिलीनं काट मारलीय
आणि वर लिहिलंय, दाबून,
जीभ दातांत धरून लिहिल्यासारखं :
गेला. १२ जून.

नॉर्बर्टनं दरांचं पुस्तक उघडलं.
मोठ्यांची नावं, नावांपुढे आकडे,
आणि पानाच्या तळाशी एक ओळ :
बाकी सगळे, प्रत्येकी दोन डॉलर.
त्या ओळीत एल्मर राहतो,
आणखी चारशे जणांबरोबर, नावाशिवाय.
'पण पेन्सिल आहे,' नॉर्बर्ट म्हणाला, 'एक क्वार्टर दे.
आणि घरी नेऊन खोडू नकोस.
खोडलेलं मला दिसतं.'

कडक प्लास्टिकचं पाकीट तीन क्वार्टरला.
चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला!
मी मोठ्यानं म्हणाले, मराठीत.
इतका तंतोतंत हिशेब आयुष्यात कधी जुळला नव्हता
आणि सांगायला तळघरात कुणी नव्हतं.
नॉर्बर्ट तरी हसला. गिऱ्हाईक हसलं की तो हसतो.

रात्री दिव्याखाली धरलं कार्ड.
सवयच ती. हात आपसूक खोडरबराकडे गेला.
मऊ रबर, हलकं मनगट, मला जमतं हे,
याहून बारीक कामं केलीत.
बारा पुसला गेला.
मग थांबले.

कुठल्यातरी घरात, त्या दिवशी,
रेडिओवर कळलं असेल, नाहीतर बापाच्या पेपरात,
आणि एक पोरगं उठून पेन्सिल शोधत फिरलं.
एल्मरसाठी.
सात फटकेवाल्या एल्मरसाठी.

आकडा मी परत लिहू शकते.
पेन्सिल आहे, वळणही जुळवता येईल,
नॉर्बर्टलासुद्धा कळणार नाही कदाचित.
नाही लिहिला.

आता तो पाकिटात आहे, विजेच्या बिलांच्या ड्रॉवरमध्ये.
कुठल्याशा जूनमध्ये गेला, एवढंच वाचता येतं.
कार्डाची किंमत माझ्या हातानं आणखी उतरली.
क्वार्टरच्या खाली काय असतं,
पुढच्या खेपेला विचारायला हवं.