बारावा पडदा

डेल्फिया कोम्सने ती आणली
उशीच्या अभ्र्यात घालून, मान बाहेर.
पेटी उंदरांनी केव्हाच खाल्ली, म्हणाली.
"वाजेल का?"
मी म्हटलं, बघू.
असं मी सगळ्यांनाच म्हणतो
आणि मग रात्रभर झोपत नाही.

एकोणीसशे चौतीसची. टपालाने मागवलेली.
खाणकंपनी तेव्हा पगार टोकनांत द्यायची,
टपालाला मात्र रोख लागायची;
म्हणजे तिच्या सासऱ्याने एखादं डुक्कर विकलं असणार,
नाहीतर दारू गाळली असणार.
केंटकीच्या या घळीत तिसरी वाट नव्हती.

आत आरसा सरकवला, दिवा धरला.
कोळशाची भुकटी, केसांतली एक पिन,
आणि रॅटलस्नेकच्या शेपटीचा खुळखुळा.
इकडे तो टाकतातच.
कुणी म्हणतं ओल शोषतो, कुणी म्हणतं सूर गोड होतो.
उंदरांनी पेटी खाल्ली आणि गिटारीला दात लावला नाही,
माझ्यापुरता प्रश्न सुटला.

पाठीवर टकटक केलं, नाणं वाजवून घ्यावं तसं.
आतल्या दोन पट्ट्या सुटलेल्या.
तिसरी अजून शब्दाला पक्की.
मान उतरवायला वाफ दिली, सरस वितळला,
आणि सत्तर वर्षांपूर्वीचं कुठलंसं ओलं जनावर
माझ्या दुकानात येऊन उभं राहिलं.

लोक विचारतात, जुन्यात असं असतं काय?
सिनसिनाटीचा एक दंतवैद्य दर वर्षी येतो,
त्याच्याकडे एकोणीस आहेत, काचेच्या कपाटात,
प्रत्येकीशेजारी दमटपणा मोजायचा काटा.
जुनं ते सोनं, हे त्याचं म्हणणं.
असेल.
पण सोन्याला कुणी मांडीवर घेऊन बसत नाही.

मला विचाराल तर लाकडाला विसरावं लागतं.
आपण झाड होतो, पाणी वर ओढत होतो,
वाऱ्याकडे पाठ करून उभे होतो,
हे विसरायला त्याला चाळीसेक वर्षं लागतात.
त्यानंतर ते नुसतं थरथरतं.

मी मात्र आधी पडदे वाचतो.
वर्षानुवर्षं एकाच जागी बोट दाबलं
की पितळ झिजतं, खालच्या लाकडात खळगा पडतो.
मालक काय वाजवायचा ते कुणी सांगावं लागत नाही.

आर्व्हिलचे खळगे पहिल्या तीन पडद्यांत,
फावडं धरणाऱ्या हाताचे, वाटीएवढे खोल.
तीन कॉर्ड. रविवारची भजनं.
एफ या माणसाने जन्मात धरला नाही.
चौथ्याच्या पुढे लाकूड कोरं,
पाचवा कोरा, सहावा कोरा,

आणि बाराव्याशी, सगळ्यांत बारीक तारेखाली,
एक खळगा. अरुंद. नखाच्या कडेएवढा.
सातव्या-नवव्यावरही पुसट खुणा,
गवतातून कुणी एकटंच जात-येत असावं तशा.

ती न्यायला आली तेव्हा बोट ठेवून दाखवलं.
खिडकीबाहेर कोळशाचे ट्रक चालले होते,
तिने चार मोजले असावेत.
"त्याला एकोणीस वर्षं रात्रपाळी होती," म्हणाली.
मग बऱ्याच वेळाने,
"मुलं निजलेली असायची. म्हणून वरच, बारीक.
खाली आवाज फार होतो."

त्याला ठाऊक होतं?

"सकाळी येऊन वाजवायचा. म्हणायचा,
काय गुणी गिटार आहे बघ, डेल्फी,
हिचे सूर कधी उतरतच नाहीत."

ती हसली नाही. मीही नाही.
खळगे बुजवायला शिसवीची भुकटी कालवून ठेवली होती,
ती डब्यासकट बाजूला सारली.
तिने गिटार मांडीवर घेतली, शहात्तर वर्षांची बाई,
आणि हात आधी खाली गेला, पाहुण्यासारखा,
मग वर. तिथे त्याला विचारावं लागलं नाही.

बिलात मी लिहिलं:
मान बसवली. दोन पट्ट्या चिकटवल्या.
खुळखुळा परत आत टाकला.
पडद्यांना हात लावलेला नाही.