नांगरलेली वाट

यार्को बर्फ नांगरतो.
रात्री अकरा ते पहाटे पाच, ओउलूचे रस्ते,
पुलापासून इस्पितळापर्यंत.
पेरायचं काही नसतं, उगवायचं काही नसतं,
लोक वेळेवर कामाला पोचले की पीक आलं म्हणायचं.

तो आत आला की मी बाहेर.
दाराशीच आमचा संसार हात बदलतो:
त्याचे हातमोजे, अजून कोमट,
आणि चार वाक्यं.
तोउकोचा कान ठणकतोय. दूध संपलंय.
पिह्लाच्या स्केट्सना धार लावायचीय.
आज किती? अठरा.
अठरा काय, हे आता कुणी विचारत नाही.
उणे बावीस काय, तेही नाही.

बर्फ पडत असला तर मात्र तो येत नाही.
नांगर सातपर्यंत फिरतो, कधी आठ,
आणि मी खिळ्यांचे बूट दाराशी काढून ठेवून,
तीन थर कपड्यांत घामाघूम,
लापशी ढवळत उभी.
फ्रिजवरच्या कागदावर सोळा आठवड्यांचे चौकोन.
त्यातले अकरा आभाळाने खाल्ले.

सासूबाई नोव्हेंबरपासून आमच्याकडे.
नावं त्यांना सापडत नाहीत, पण
माझ्या पापण्यांवरचं दंव बघून
रोज नव्याने दचकतात:
कोण मागे लागलंय गं तुझ्या?
कुणी नाही, आई.
मग पळतेस कशाला?
पहिल्या दिवशी मी हसले.
जानेवारीत पुलावरून परतताना
रोज एक उत्तर जुळवायचे,
एकही घरापर्यंत टिकलं नाही.

म्हणतात, धावताना डोकं रिकामं होतं.
माझ्या डोक्यात धुणं फिरत राहतं.
नदी गोठलेली, दिवे नारिंगी,
माझाच श्वास टोपीत अडकून कानाशी खरखरतो,
आणि नवव्या किलोमीटरला मला आठवतं
की ओले मोजे मशीनमध्येच राहिले.
तरीही, अख्ख्या दिवसात
मला कुणी हाक मारत नाही
असा तेवढाच तास.

पिह्लाचा सामना होता त्या दिवशी
मी बर्फाच्या हॉलबाहेर, गाड्यांच्या पटांगणात
फेऱ्या मारत होते. हुकलेले बारा भरून काढायचे होते.
काचेआडचे बाप दर फेरीला माना हलवत.
तिने मोसमातला पहिला गोल केला
तेव्हा मी एकोणिसाव्या फेरीत.
पाहिलंस?
हो, म्हणाले.
तिने माझ्याकडे पाहिलं,
मग गाडीचा पट्टा लावला,
आणि घर येईपर्यंत रेडिओच बोलला.

मार्चमधला तो रविवार.
रात्रभर पडत होता. चारला उठून खिडकी पाहिली,
अठ्ठावीसचा चौकोनही गेला म्हणून
पुन्हा पांघरुणात शिरणार, तर
पिह्ला दारात, केस विस्कटलेले, बारा वर्षांची:
जा. आजीपाशी मी बसते. तोउकोलाही बघते.
मग, बूट बांधत होते तेव्हा:
पण पुढच्या सामन्याला आत बस.

नदीकाठच्या वाटेवर गुडघाभर असणार, हे धरूनच गेले.
ती मोकळी होती.
पात्याच्या रुंदीएवढीच, दोन्हीकडे भुसभुशीत बांध,
तळाशी ताज्या ओरखड्यांच्या रेघा.
ही वाट यार्कोच्या यादीत नसते.
दूर, वळणापाशी, पिवळा दिवा गरगरत होता.
कोण मागे लागलंय, आई विचारतात.
त्या सकाळी मीच लागले होते कुणाच्या तरी मागे,
आणि तो काही थांबला नाही,
थांबला असता तर रस्ते राहिले असते.

अठ्ठावीस झाले नाहीत.
तेविसाला पोटरीत गोळा आला, लंगडत परतले.
आजी आणि नात टेबलाशी पत्ते खेळत होत्या,
नियम कुणालाच ठाऊक नव्हते.
लापशी करपली होती.
त्याला मी काही विचारलं नाही, तोही काही बोलला नाही,
फक्त हीटरवर त्याचे मोजे सरकवून
माझ्यासाठी जागा केली होती.