मागाचा खड्डा

तीन घमेली मुरूम पुरेल, रतिराम गवंडी म्हणाला.
अकरा लागली.
बाबा पलंगावर बसून मोजत होते,
जशा पूर्वी मोजायचे कांड्या,
किंवा इतवारीतल्या शेठनं हातावर ठेवलेल्या नोटा,
ओठ न हलवता.

चाळीस वर्षं त्यांचे पाय
या घराच्या जमिनीखाली होते.
आम्ही वर जेवत होतो, भांडत होतो,
मी पाढे म्हणत होते,
आणि खाली, कमरेइतक्या अंधारात,
दोन तळवे पावड्यांवर आळीपाळीनं.
लहानपणी मला वाटायचं
सगळ्यांचेच बाबा कमरेपासून वर सुरू होतात.

माग गेला त्याला सहा वर्षं झाली. भंगारवाल्यानं
लाकडाचे वेगळे दिले, लोखंडाचे वेगळे.
खड्ड्यावर फळी, फळीवर गव्हाची कोठी,
आणि गोळीबार चौकातल्या आमच्या गल्लीत
खटखट नसलेल्या दुपारी.

यंदा मे महिन्यात फळी काढली.
कूलरला नवा वाळा भरला होता,
त्याच्या ओल्या वासात मातीचा वास.
आई म्हणाली, "काऊन बसून राहिले जी तिथं?
धूळ जाईन ना नाकात."
"जाऊ दे," बाबा म्हणाले. "माहीच हाय."

तळाशी निघालं ते एवढंच:
फणीचे चार दात,
माझी निळी गोटी, जिच्यासाठी मी भावाला मारलं होतं,
रेशमाचा गुंता, लाल, अजून लाल,
आणि जमिनीत टाचांनी कोरलेल्या
दोन उथळ वाट्या.
रतिराम वाकून बघत राहिला. मग विचारलं,
"टाकू?"
हो कुणीच म्हणेना.
आई म्हणाली, थांब. आत गेली.
मला वाटलं, कुंकू आणेल, तांदूळ आणेल.
तिनं चहा आणला. रतिरामसाठी.
तो बशीत ओतून, फुंकर घालत, सावकाश प्यायला.
चहा संपेपर्यंत
खड्डा खड्डा राहिला.

मग अकरा घमेली. मग सिमेंट. मग फरशी.
फरशीवर आलं कपडे धुण्याचं मशीन,
मी घेतलेलं, बारा हप्त्यांवर.
मी मेट्रोत आहे, झाशी राणी चौक स्टेशनला.
एकदा बाबांना बसवलं होतं
लोकमान्य नगर ते प्रजापती नगर, आणि परत.
पूर्ण वेळ खिडकीबाहेर नाही, दारांकडे बघत होते.
उतरल्यावर एवढंच म्हणाले,
"बाणा बराबर हाय."

पहाटे पाचला अजून उठतात.
उठून, डोळे नीट उघडायच्या आधी,
जिथं मागाचं लाकूड असायचं तिथं हात टेकवतात,
हात कपाळाला लावतात.
आता हाताखाली मशीनचं झाकण येतं,
पांढरं, गार.
पहिल्या दिवशी हात जरा थबकला.
दुसऱ्या दिवशी नाही.

परवा मला सुट्टी होती.
मशीन शेवटच्या फेऱ्यांना आलं,
घरघरलं, फरशी थरथरायला लागली.
बाबांनी चपला काढल्या
आणि अनवाणी जाऊन तिथं उभे राहिले,
डोळे मिटून, थरथर थांबेपर्यंत.

मी त्यांचे पाय पाहिले.
उजवा अंगठा जरा बाहेर वळलेला,
टाचा गुळगुळीत, नदीतल्या गोट्यांसारख्या.
माझाही अंगठा तसाच आहे,
हे मला माहीत नव्हतं.

"सरका जी," आई बादली घेऊन आली,
"गच्चीवर ऊन तापून राहिलं.
दहा मिनिटांत वाळतीन."